संगणकावरील पीकनोंदीत फेरफार : नाव-मूल्य जोड्यांची पद्धत

सात-बाराच्या उताऱ्यात बदल करावयाचा झाल्यास कोणी सबंध उतारा नव्याने लिहीत नाही. बदल प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतींचा निकाल होऊन नोंद प्रमाणित झाली म्हणजे मगच उताऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. शेतकरी बंधूंना ही रीत चांगली परिचित आहे. पाण्याचा व खताचा हिशोब हल्ली संगणकावर होऊ लागला असल्याने, तेथील नोंदींमध्ये फेरफार कसा करावा, हे याच रीतीच्या आधारे येथे सांगावयाचे आहे.

नोंदवस्तू म्हणजे काय?

संगणकाच्या आज्ञावलीत एका शेताची सर्व माहिती एकत्र बांधून ठेवता येते. अशा गाठोड्यास ‘वस्तू’ म्हणतात आणि तिच्यातील प्रत्येक बाबीस ‘गुणधर्म’ म्हणतात. कांद्याच्या एका शेताचे गुणधर्म असे असू शकतील : पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, पीक_गुणांक. हंगाम पुढे सरकतो तसे यांपैकी काही बदलतात. बदल कळविण्याची सोयीची पद्धत म्हणजे नाव व मूल्य यांची जोडी. उदाहरणार्थ, ‘पीक_गुणांक : १.०५’. आज्ञावली एकेक जोडी घेते, त्या नावाचा गुणधर्म शोधते आणि त्याचे मूल्य बदलते. ज्या गुणधर्मांची जोडी आलेली नाही, ते पूर्ववत राहतात. पायथॉन, मॅटलॅब इत्यादी भाषांत ही पद्धत सर्रास वापरली जाते.

एका वेलांटीची किंमत

पिकाची रोजची पाण्याची गरज काढताना संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनास पीक-गुणांकाने गुणतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंचनविषयक ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत कांद्याचा गुणांक आरंभी ०.७०, मध्यावस्थेत १.०५ आणि अखेरीस ०.७५ असा दिला आहे.

एका रब्बी हंगामात माझ्या हातून पुढील चूक घडली. कांदा मध्यावस्थेत आल्यावर मी नवा गुणांक भरला. परंतु ‘पीक_गुणांक’ ऐवजी ‘पिक_गुणांक’ असे लिहिले. पायथॉनमधील साध्या वस्तूस नवे नाव दिले असता ती तक्रार करीत नाही. त्या नावाचा नवा गुणधर्म निमूटपणे जोडून घेते. त्यामुळे १.०५ हा आकडा एका बाजूस पडून राहिला आणि हिशोब जुन्या ०.७० वरच चालू राहिला.

संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसास ५ मिलिमीटर धरल्यास खरी गरज ५.२५ मिलिमीटर होती, कागदावर ३.५० आली. दररोज १.७५ मिलिमीटरची तूट, म्हणजे हेक्टरी १७,५०० लिटर. आठ दिवसांत ती हेक्टरी १,४०,००० लिटर झाली, आणि तीही कांदा पोसण्याच्या ऐन काळात. संगणकाने एकही सूचना दिली नाही. शेवटी शेतकऱ्यानेच मला वाफ्यावर नेले व म्हटले, “साहेब, तुमचा कागद बरोबर असेल, पण जमीन भेगाळली आहे, ती बघा.” माती उकरून पाहिली तेव्हा चूक ध्यानी आली. शेतकऱ्याची नजर हीच त्या दिवशी खरी तपासणी ठरली.

फेरफाराचे सहा नियम

१. नाव तपासावे. मान्य नावांची यादी आधीच ठरवावी आणि यादीबाहेरचे नाव आल्यास आज्ञावलीने काम थांबवून तसे सांगावे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद झाला तरी संगणकास ती दोन निराळी नावे होत. मॅटलॅबमध्ये वर्ग आधी घोषित केला असेल तर अनोळखी नाव सहसा नाकारले जाते. पण तेथील साधी ‘स्ट्रक्ट’ रचना ते स्वीकारते.

२. मूल्याचा प्रकार तपासावा. अवतरणात लिहिलेला ‘१.०५’ हा अंक नसून अक्षरे होत. पायथॉनमध्ये अशा अक्षरांना पूर्णांक ५ ने गुणल्यास गुणाकार होत नाही. तीच अक्षरे पाच वेळा एकापुढे एक लिहिली जातात.

३. मर्यादा व एकक तपासावे. पीक-गुणांकाच्या जागी १०.५ आल्यास दशांशचिन्ह चुकले आहे असे समजावे. क्षेत्र एकरात की हेक्टरात, हे गुणधर्माच्या नावातच लिहावे.

४. आधी सर्व जोड्या तपासाव्यात, मग अंमल द्यावा. निम्म्या जोड्या लिहून झाल्यावर एखादी नाकारली गेली, तर नोंद ना जुनी राहते ना नवी होते. एकाच नावाच्या दोन जोड्या आल्यास पायथॉनच्या कोशात शेवटची टिकते. म्हणून भरतानाच पुनरुक्ती टाळावी.

५. अवलंबून असलेले आकडे पुन्हा काढावेत. गुणांक बदलला तरी आधीच काढून ठेवलेली ‘रोजची गरज’ आपोआप बदलत नाही.

६. बदलाची नोंद ठेवावी. नाव, जुने मूल्य, नवे मूल्य व दिनांक एवढे चार रकाने पुरेत.

कार्यकर्त्यांस सूचना

आज्ञावली लिहिणे हे प्रत्येकाचे काम नव्हे; परंतु माहिती भरणे हे आपणा सर्वांचे काम आहे. म्हणून माहिती भरल्यावर ती नोंद पुन्हा उघडून नवा आकडा योग्य रकान्यात उतरला आहे की नाही, हे पाहावे. उत्तर बदलावयास हवे होते आणि ते बदलले नाही, तर बहुधा नावातच चूक आहे असे समजावे. त्यानंतर शेतात जाऊन वीतभर माती उकरून ओल पाहावी. कागद आणि माती यांचा मेळ बसल्याशिवाय पाण्याच्या पाळीचा सल्ला देऊ नये.