पुण्यात शिकायला जाताना कार न्यावी का?

प्रश्न : मुलाला पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. तो वसतिगृहात राहील. घरची जुनी कार बरोबर नेण्याचा हट्ट धरून बसला आहे. द्यावी का?
– एक पालक, सातारा

उत्तर : निदान पहिलं सत्र तरी देऊ नका. वसतिगृह ते वर्ग हे अंतर पायी जाण्याजोगं असेल, तर कार दिवसभर उभीच राहणार. ती उभी कुठे करायची, हाच खरा प्रश्न. वसतिगृहात जागा मिळेल का, हे आधी विचारा. रस्त्यावर लावायची म्हटली, तर पुण्यात अनेक ठिकाणी सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलावी लागते. विसरलात, की दंड आणि वर गाडी सोडवून आणायची धावपळ.

साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरलं, की तिथूनच मेट्रो आहे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कन जिमखान्याला उतरता येतं. तिथून महाविद्यालय जवळ आहे. शहरात फिरायला पीएमपीचा विद्यार्थी पास आहेच.

शिवाय गाडी वापरा न वापरा, विमा आणि पीयूसी चुकत नाही. फार दिवस उभी राहिली, तर बॅटरीही उतरते. हा वर्षाचा खर्च मुलालाच कागदावर मांडायला सांगा.

चालण्याचा त्रास असेल किंवा पुढे लांबवर, आडवेळेची इंटर्नशिप मिळाली, तर फेरविचार करा. तोवर कार साताऱ्यातच बरी.