बंगळूरचे छप्पन्न दिवस

"अरे, सगळी पोरं सुट्टीला घरी यायला निघालीत आणि तू उलट्या दिशेला कुठं निघालास?" आईचा हा प्रश्न तसा रास्तच होता. थर्ड इयरची शेवटची ओरल झाली आणि चौथ्या दिवशी मी पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर उद्यान एक्स्प्रेसची वाट बघत उभा होतो. बॅगेत चार शर्ट, आईने दिलेला चिवडा, फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक आणि डोक्यात भरपूर हवा. दोन महिने बंगळूरला 'रिसर्च' करायला चाललो होतो, राव!

आधी थोडी माहिती, कारण ज्युनियर्स हाच प्रश्न पहिला विचारतात. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि दिल्ली व प्रयागराज इथल्या आणखी दोन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. अर्जाची धावपळ साधारण दिवाळीच्या आसपास असते. मार्क लागतात, आपल्या एखाद्या सरांचं शिफारसपत्र लागतं आणि तुम्हाला नेमकं काय करायचंय ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं. माझं म्हणाल तर हे शेवटचं लिहायला आठ दिवस लागले. "मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य खोडलं, तेव्हा कुठे कागद वाचण्यालायक झाला!

टाटा इन्स्टिट्यूट

माझी लॅब होती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. स्टेशनवर रिक्षावाल्याला हे लांबलचक नाव सांगितलं तर तो नुसता बघत राहिला. शेजारचा म्हणाला, "टाटा इन्स्टिट्यूट!" आणि त्याचा चेहरा उजळला. जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था गावात अजून त्याच नावाने ओळखली जाते.

या संस्थेशी आपल्या मातीचंही एक नातं आहे. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. झालेली कमला भागवत ही मुलगी इथे प्रवेश मागायला आली. संचालक होते साक्षात सर सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. ती हटली नाही, तिथेच सत्याग्रह करीन म्हणाली. शेवटी वर्षभराच्या प्रोबेशनवर, अपमानास्पद अटी घालून तिला घेतलं गेलं. पुढे याच कमला सोहोनी केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या (१९३९) आणि विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी एक ठरल्या. त्या झाडांच्या रस्त्यावरून रोज लॅबला जाताना मला वाटायचं, आपल्याला इथे यायला एक फॉर्म भरावा लागला फक्त!

काम काय होतं?

वाऱ्याच्या झोतात एखादा गोल दांडा आडवा धरला, की त्याच्या मागे आळीपाळीने वर-खाली भोवरे सुटतात. सेकंदाला किती भोवरे जोड्या सुटतील याचा हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग भागिले दांड्याचा व्यास, गुणिले साधारण ०.२. माझा दांडा २० मिलिमीटरचा. म्हणजे वारा सेकंदाला १ मीटर असेल तर उत्तर आलं १० हर्ट्झ, दीड मीटर असेल तर १५. मी फक्त विंड टनेलमध्ये ते मोजून दाखवायचं होतं.

मोजायचं साधन म्हणजे हॉट-वायर. केसापेक्षाही कितीतरी बारीक, काही मायक्रॉन जाडीची तार विजेने तापवतात. वारा लागला की ती थंड व्हायला बघते आणि त्यावरून वेग कळतो. ही तार नुसत्या धक्क्यानेही तुटते. हे मला कसं माहीत? दुसऱ्याच दिवशी मी एक तोडली. लॅबमध्ये पीएच.डी. करणारी धारवाडची एक सिनियर होती, सगळे तिला 'अक्का' म्हणायचे. तिने तुटलेला प्रोब हातात घेऊन मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "पहिली सगळेच तोडतात. दुसरी तोडू नको."

तिसऱ्या आठवड्यात यश आलं. १ मीटरचा वारा सोडला, सेकंदाला ४० नोंदी घेतल्या, कॉम्प्युटरवर फ्रिक्वेन्सीचा ग्राफ काढला आणि बरोब्बर १० हर्ट्झवर एक सुरेख सुळका! पुस्तकातल्या उत्तरासारखं उत्तर. मी रात्री घरी फोन करून आईला सांगितलं. तिला हर्ट्झ काय ते कळलं नाही, पण आनंद कळला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वारा दीड मीटर केला. सुळका १५ वर जायला हवा. तो १० वरच. दोन मीटर केला. तरी १० वरच! सोमवारी सरांना मिड-टर्म रिपोर्ट द्यायचा होता. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की पहिला ग्राफ तेवढा लावावा आणि "पुढील प्रयोग सुरू आहेत" असं लिहून मोकळं व्हावं. रिपोर्ट तसा टाईपही केला.

डोसा आणि प्रश्न

इथे मधेच शहराबद्दल लिहिलं पाहिजे, कारण माझं उत्तर मला लॅबमध्ये मिळालंच नाही.

पहिले दहा दिवस मी अगदी एकटा होतो. रूममेट केरळचा, शेजारी एक आसामचा, एक बंगाली. सगळ्यांची हिंदी वेगवेगळी. मेसच्या गोडसर सांबाराने जीव कंटाळला होता. मग एका संध्याकाळी मी आईचा चिवडा उघडला. दहा मिनिटांत डबा रिकामा आणि चार मित्र तयार! तेव्हापासून दर शनिवारी आमची टोळी बाहेर. लालबागमध्ये त्या प्रचंड खडकावर बसून सूर्यास्त बघितला (तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, त्यापुढे आमचा मिड-टर्म काय!). चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तासन् तास घालवले. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये तर मी भावच खाल्ला. ज्यांना कर्नाटक देवासारखं मानतं ते विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले पुण्यात आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा बसले आपल्या खडकवासल्याला, हे मी तिथे सगळ्यांना दोनदा ऐकवलं. कन्नडही थोडी आली. 'स्वल्प' म्हणजे थोडं. 'ऊटा आय्ता?' म्हणजे जेवलास का? या दोन शब्दांवर माणूस दोन महिने काढू शकतो.

तर त्या शनिवारी मेट्रोने नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरून आम्ही गांधी बझारच्या विद्यार्थी भवनात गेलो. १९४३ पासूनचं हॉटेल. बाहेर रांग, आत वेटर एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड घेऊन येतो, ते बघण्यासारखं. अक्काही आली होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं, रिपोर्टचंसुद्धा. ती रागावली नाही. डोशाचा तुकडा मोडत तिने एवढंच विचारलं, "वारा बंद करून बघितलंस?"

मी तसाच संध्याकाळी लॅबमध्ये गेलो. टनेलचा पंखा बंद केला. हवा स्तब्ध. नोंदी घेतल्या. १० हर्ट्झवर तोच सुरेख सुळका! वारा नाही, भोवरे नाहीत आणि सुळका मात्र आहे!

चोर होता भिंतीतली वीज. आपली वीज ५० हर्ट्झची. माझ्या केबलचं शील्ड नीट अर्थ झालं नव्हतं, म्हणून ती सिग्नलमध्ये घुसत होती. पण मग ५० चे १० कसे झाले? हिशोब करा. सेकंदाला ४० नोंदी, म्हणजे दोन नोंदींमध्ये विजेची सव्वा आवर्तनं होतात. पूर्ण आवर्तन आपल्याला दिसतच नाही, दिसतं ते वरचं पाव. चार नोंदींत चार पाव मिळून एक आवर्तन भासतं, म्हणजे सेकंदाला दहा. यालाच एलियासिंग म्हणतात. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. मी ४५ नोंदी घेतल्या, सुळका ५ वर सरकला. १००० घेतल्या, तो ५० वर जाऊन बसला. चोर पकडला!

नायक्विस्टचा नियम आपण सगळे पाठ करतो: सर्वात मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त नोंदी घ्या. मी १५ ची दुप्पट ३० धरली आणि ४० पुरेत म्हटलं. चूक इथे होती. नियम आपल्याला हव्या असलेल्या सिग्नलसाठी नाही, तारेतून जे जे येतं त्या सगळ्यासाठी आहे. म्हणून नोंदी घेण्याच्या आधी लो-पास फिल्टर लावतात. लेखी परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते, हे आता सांगायलाही लाज वाटते.

सोमवारी मी सरांना दोन्ही ग्राफ दाखवले, वाऱ्याचा आणि बिनवाऱ्याचा. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, रिपोर्टमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी छाप. त्यानंतर अर्थिंग दुरुस्त केलं, फिल्टर लावला, प्रोब भोवऱ्यांच्या कडेला जवळ आणला. तिथे सिग्नल इतका जोरकस मिळाला की आधी तो विजेखाली पार झाकला गेला होता हे कळलं. शेवटच्या आठवड्यात आठ वेगवेगळ्या वेगांचे आठ ठिपके एका सरळ रेषेत आले. पण या वेळी फोन करण्याआधी मी पंखा बंद करून बघितला!

जाता जाता

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगतो. उत्तर पुस्तकाशी जुळलं की आपण शंका घेणं थांबवतो, नेमकं तिथेच थांबू नका. ज्या कारणाने ते उत्तर आलं असं वाटतं, ते कारण काढून टाका आणि उत्तर जातं का बघा. आणि दुसरं, रूमवर बसून राहू नका. दिवसभर लॅब केली म्हणजे शहर फुकट गेलं असं नाही, पण मी त्या शनिवारी "रिपोर्ट आहे" म्हणून मागे राहिलो असतो, तर तो खोटा सुळका आजही माझ्या बायोडेटात असता.

निघताना स्टेशनवर अख्खी टोळी आली होती. केरळच्या रूममेटने केळ्याचे वेफर्स दिले, अक्काने धारवाडी पेढ्यांचा बॉक्स. गाडी सुटताना ती ओरडून म्हणाली, "ऊटा आय्ता?"

घरी पोचल्यावर आईनेही पहिला प्रश्न तोच विचारला. फक्त मराठीत.