यादी किती मोठी, हे आधी विचारा

बाभुळगाव, कळंब, राळेगाव भागातल्या कापूस खरेदीदारांच्या आणि कृषी केंद्रांच्या याद्या संगणकावर सांभाळणे हा माझा धंदा. निरोप कोणाला द्यायचा, कोणाला दिला, कोणाला नको आहे, एवढ्याच या याद्या. आत फक्त मोबाइल नंबर. काम क्षुल्लक वाटते. पण तालुक्याच्या ठिकाणी असे काम करणाऱ्या पोरांनी पुढचे वाचून ठेवावे.

ऐन हंगामात एका जिनिंगची खरेदी दुसऱ्या दिवशी बंद राहणार होती. तसा निरोप सगळ्या नोंदणीकृत शेतकऱ्यांना रात्रीच जायचा होता. कोणालाच पोचला नाही. सकाळी फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. गाडीभाडे अंगावर पडलेली माणसे संतापली, आणि ते रास्तच होते. बाहेरून विकत घेतलेल्या प्रणालीचा तक्ता उघडून पाहिला, तर प्रत्येक नावापुढे एकच नंबर: २१४७४८३६४७.

हा आकडा कुठे दिसला की तिथेच थांबा. ३२ बिटांच्या, ऋण-धन दोन्ही बाजू असलेल्या पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच तिच्याहून मोठे. मायएसक्यूएल या डेटाबेसचा कडक मोड बंद असला, तर न मावणारी संख्या नाकारली जात नाही. ती कमाल मर्यादेवर आणून ठेवली जाते. पुढे दुबार नोंदी गाळणाऱ्या भागाला सगळे शेतकरी एकच वाटले. यादीत एक नंबर उरला, आणि तोही कोणाचा नव्हता. ५.७ आवृत्तीपासून कडक मोड मुळातच चालू असतो, पण जुनी प्रणाली अडू नये म्हणून लोक तो बंद करतात. तसे करू नका.

यावर सहसा मिळणारा सल्ला म्हणजे नंबर मजकूर म्हणून ठेवा. मूळ नोंदीसाठी तो योग्यच आहे. यवतमाळचा ०७२३२ हा एसटीडी कोड संख्या म्हणून ठेवला की पुढचे शून्य गळते. पण लाखो नंबरांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील, तर मजकूर जड पडतो. पायथनच्या सेटमध्ये एकेक नंबर पन्नास बाइटांहून जास्त जागा खातो. चार जीबीच्या जुन्या संगणकावर अशा पाचसात याद्या एकदम उघडल्या की तो धापा टाकू लागतो.

इथे एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक नंबरातून ६०० कोटी वजा करा. उरलेली संख्या शून्य ते ४०० कोटींच्या आत येते, आणि फक्त धन बाजूच्या ३२ बिटांत ४२९ कोटींपर्यंत मावते. म्हणजे नंबरामागे चार बाइट. दहा लाख नंबरांना चाळीस लाख बाइट पुरतात. यादी चढत्या क्रमाने लावली, तर हवा तो नंबर वीसेक तुलनांत सापडतो.

याहून कमी जागा हवी असेल, तर रोअरिंग बिटमॅपचे नाव ऐकू येईल. डॅनियल लेमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही रचना अनेक मोठ्या शोधप्रणालींत वापरली जाते. ती संख्यांचे ६५,५३६ चे खण पाडते. एका खणात ४,०९६ पर्यंत संख्या असतील, तर प्रत्येकीला दोन बाइट देऊन छोटी यादी करते. त्याहून जास्त असतील, तर आठ केबीचा बिटांचा पट्टा ठेवते; संख्या असेल तिथे १, नसेल तिथे ०. हद्द ४,०९६ वरच का? कारण ४,०९६ गुणिले दोन बाइट म्हणजे बरोबर आठ केबी.

ही रचना शोभते ती पिनकोडला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, ती भूगोलाप्रमाणे. त्यामुळे शेजारच्या गावांचे आकडे शेजारी येतात. बाभुळगावचा ४४५१०१, नेरचा ४४५१०२, आर्णीचा ४४५१०३. ३,९३,२१६ पासून सुरू होणाऱ्या एकाच खणात मुंबईपासून यवतमाळपर्यंतचे, गोव्यासकट सगळे पिनकोड बसतात.

मोबाइल नंबरांचे तसे नाही. पन्नास हजार नंबर ४०० कोटींच्या पटांगणात विखुरले, तर बहुतेक खणांत एखादाच नंबर पडतो आणि प्रत्येक खणाची नोंद ठेवण्यातच बाइट खर्च होतात. साध्या यादीला दोन लाख बाइट लागतात. रोअरिंगला त्याहून जास्त लागू शकतात. अशा वेळी क्रमाने लावलेल्या नंबरांतली फक्त अंतरे साठवावीत. सरासरी अंतर ऐंशी हजारांचे, म्हणजे बहुतेकांना तीन बाइट पुरतात.

नंबर न ठेवता बिटांत फक्त त्यांच्या खुणा ठेवणारा ब्लूम फिल्टर सर्वांत आटोपशीर. नंबरामागे दहा बिट दिले तर शंभरांत एखादी चूक. पण चूक कोणत्या बाजूची, ते पाहा. यादीत नसलेला नंबर तो कधीकधी ‘आहे’ म्हणून सांगतो. ‘निरोप नको’ म्हणणाऱ्यांची यादी त्यात ठेवली, तर निरोप हवा असलेला एखादा शेतकरी मुकाट गाळला जाईल. म्हणून त्याचा ‘नाही’ प्रमाण मानावा आणि ‘आहे’ आला की मूळ यादीत पडताळावे.

कोणतीही रचना निवडण्याआधी तीन गोष्टी छापून घ्या: नंबर किती, सर्वांत लहान कोणता, सर्वांत मोठा कोणता. मग ते गुच्छाने आहेत की विखुरलेले, ते पाहा. दोनचार हजारांची यादी असेल, तर चढत्या क्रमाची साधी यादीच ठेवा. हुशारी दाखवायची ती जागा नव्हे. आणि भरून झाल्यावर तीच तीन उत्तरे पुन्हा काढून ताडून पाहा. ती जुळेपर्यंत एकही निरोप सोडू नका.