पिकअपला हवा आणि पाटे: खर्च करण्याआधी एकदा धरमकाट्यावर जा



मागच्या आठवड्यात दुकानात एक पोरगा आला. पिकअप नवीन, हप्ते नुकतेच सुरू झालेले. मोबाइलवर त्याने ऑस्ट्रेलियातल्या एका गाडीचा व्हिडिओ दाखवला. गाडीतच कॉम्प्रेसर, मागे उंच केलेले पाटे, एअर बॅग, बटन दाबलं की गाडी वर-खाली. म्हणाला, "दादा, आपल्या गाडीला असं केलं तर कोरची लाइनवर आपल्यासारखी गाडीच नाही राहणार जी."

मी विचारलं, "आरसीवर तुझ्या गाडीचं वजन किती लिहिलंय?"

त्याला माहीत नव्हतं. त्याला हसू नका. चार वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर बीबीए करून आलेलो. व्हिडिओमध्ये हा विषय मी घाईत आटोपला, म्हणून इथे नीट लिहितोय.

माझी चूक आधी सांगतो

माझी पिकअप दुकानाचा माल पोचवायला आहे. सिमेंटचे पत्रे, लोखंड, पाइप. हंगामात भाड्याने धान वडशाला. मागून गाडी बसायला लागली तेव्हा मी एका मिस्त्रीकडे गेलो आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले, तेही जाड. गाडी मागून मस्त उंच झाली. गावात चार लोकांनी विचारलं, मला भारी वाटलं.

पहिल्याच महिन्यात पत्रे फुटायला लागले. पाटे कडक झाले की रस्त्याचा खड्डा पाटा खात नाही, माल खातो. एका घरकुलाचे पत्रे कोरचीकडे नेले, उतरवताना पाहतो तर नऊ पत्र्यांना तडे. ते माझ्या खिशातून भरून दिले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पावसाळ्यात बेडगावच्या घाटातून भरलेली गाडी उतरवत होतो. सोबत हमालीला एक पोरगा, एकोणीस वर्षांचा. वळणावर ब्रेक दाबला तर गाडीचं तोंड खाली वाकलं, मागचा भाग ढकलतोय असं वाटलं, आणि गाडी थांबेना. ब्रेक जळाल्याचा वास. शेवटी कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात चाक घुसलं म्हणून थांबलो. दोघांनाही काही झालं नाही. त्या दिवशी परत येताना आम्ही दोघंही बोललो नाही.

कारण मला नंतर कळलं, ते तुम्ही आधी समजून घ्या. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त जातो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे रिकामी मागची चाकं लॉक होत नाहीत. त्याला गाडीचं वजन कळत नाही, फक्त उंची कळते. मी पाटे वाढवून भरलेली गाडीसुद्धा उंच ठेवली. व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामीच आहे. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर.

काही जण ही दांडी तारेने बांधून टाकतात. ते तर अजिबात करू नका. पाट्याचं कोणतंही काम केलं की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हा व्हॉल्व्ह तपासून, सेट करून घ्या.

पाट्याचं गणित

पाट्याचा कडकपणा दोन गोष्टींवर ठरतो. पाटे किती, आणि एकेक किती जाड. संख्येचा हिशोब सरळ आहे: सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा टाकला तर साधारण २० टक्के कडकपणा वाढतो. जाडीचा हिशोब वेगळा. जाडी तीनदा गुणली जाते. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घेतला तर दिसायला दोनच मिलिमीटरचा फरक, पण तो एकटा जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो. मिस्त्री "थोडा जाड टाकून देतो भाऊ" म्हणतो ना, त्या 'थोडा'चा अर्थ हा आहे.

आणि पाटे वाढवले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. टायर तेच, हबचं बेअरिंग तेच, अ‍ॅक्सल तोच, ब्रेक तेच. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणजे ओव्हरलोड कळवणारी जी एक खूण होती तीच तुम्ही झाकली.

म्हणून आधी कारण शोधा. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा, मागच्या चाकाच्या मध्यापासून वर बॉडीच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजूंनी. मग आरसीत बसेल एवढाच माल भरून परत मोजा. रिकाम्या गाडीतच एक बाजू खाली असेल तर त्या बाजूचा पाटा थकलाय किंवा तुटलाय. शॅकलचे बुश गेले असतील, शॉकअप गळत असेल. बहुतेक वेळा रोग इथेच सापडतो, आणि त्यावरचं औषध म्हणजे कंपनीच्या मापाचा नवीन सेट, नवीन बुश, नवीन शॉकअप. माझ्या गाडीचं शेवटी हेच केलं. जादा पाटे काढले, मूळ मापाचे टाकले. पत्रे फुटणं थांबलं.

योग्य वजनात मोजूनही गाडी ठीक असेल आणि फक्त तुमच्या मालाने बसत असेल, तर रोग गाडीत नाही, तुमच्या भाड्याच्या दरात आहे. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेऊन तुम्ही स्वस्त भाडं परवडवताय.

कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४ : २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचाच. मूळ मापाचा पाटा बदलणं ही दुरुस्ती आहे, तिथे अडचण नाही. एअर बॅग किंवा गाडीची उंची वाढवायची असेल तर गडचिरोलीच्या आरटीओत आधी लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणून क्लेम मिळत नाही.

एअर बॅगबद्दल माझं मत विचाराल तर: भाड्याच्या गाडीला आपल्याकडे नको. पाट्याचा भार चेसिसवर पुढच्या-मागच्या दोन हँगरवर वाटला जातो. बॅगचा भार तिच्या वरच्या एकाच जागेवर येतो. त्यात जंगलातल्या रस्त्यावर काटा-खुंट लागून बॅग फुटली तर सुटा भाग आणायला नागपूर गाठा.

हवा मात्र कमवून देऊ शकते

गाडीत हवा ही काही परदेशी कल्पना नाही. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतो, म्हणून त्याच्याकडे कॉम्प्रेसर आणि टाकी कंपनीतूनच येते. ट्रकवाले त्यातूनच टायर भरून घेतात. आपल्या पिकअपचा ब्रेक ऑइलवर चालतो, म्हणून ती सोय नाही, एवढंच.

पण काय भरता येईल हे समजून घ्या. समजा तुमचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर मिनिटाला ३० लिटर हवा देतो. पिकअपच्या टायरमध्ये जागा साधारण ६० लिटर धरा. ३० पीएसआयवरून ६० वर न्यायचं म्हणजे दोन वातावरणं, म्हणजे १२० लिटर हवा. कागदावर चार मिनिटं. पण दाब वाढला की कॉम्प्रेसर मंदावतो, प्रत्यक्षात सहा-सात मिनिटं धरा. मध्ये त्याला थंडही व्हावं लागतं.

"टाकी बसवली की टायर एका झटक्यात भरेल" असं वाटतं. १० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली आणि ३० पीएसआयच्या त्या टायरला जोडली, तर दाब १२ पीएसआयच्या आसपास वाढतो. बस. पण मोटारसायकलचा टायर छोटा, सहा-आठ लिटरचा. त्याला हीच टाकी अर्ध्या मिनिटात पुरते. आता कुरखेडा-पुराडा-कोरची रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर कोण ढकलत जाताना दिसतं? दुचाकीवाला. तेंदूपत्त्याच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत. तुमचं गिऱ्हाईक तेच आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या मागे लागू नका.

आता पैसे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे टाकून परत करा. समजा आरसीवरचं एकूण वजन वजा रिकामी गाडी, उरले १,५५० किलो. त्यातून तुम्ही आणि हमाल १३० किलो. उरले १,४२०. धानाचं पोतं ४० किलोचं, म्हणजे ३५ पोती. आता कॉम्प्रेसर, टाकी, पाइप, जॅक, पंक्चरचं सामान मिळून ६५ किलो झालं. उरले १,३५५. आता ३३ पोती. प्रत्येक फेरीत दोन पोती कमी! पोत्याला २० रुपये भाडं, महिन्याला २५ फेऱ्या, म्हणजे हवेचं सामान तुमच्याकडून महिन्याला १,००० रुपये 'भाडं' घेतं. हा खर्च कोणत्याही बिलावर छापलेला नसतो.

जमा बाजू: महिन्याला २० पंक्चर, सामान वजा जाता ८० रुपये, १,६०० झाले. ६० वेळा हवा, १० रुपयांनी ६००. एकूण २,२००, त्यातून १,००० गेले, १,२०० उरले. किट १८,००० ला बसली तर १५ महिने. पावसाळ्यात फेऱ्या कमी झाल्या तर दीड-दोन वर्षं. यात गाडी जागेवर चालू ठेवायचं डिझेल धरलेलं नाही, तेही तुम्ही धरा. पण तुमचा माल हलका असेल, मुरमुरे, प्लास्टिक, झाडू, तर वजनाआधी जागा संपते. मग ते १,००० रुपये जातच नाहीत आणि किट फार लवकर फिटते. म्हणून एकाच किटचा सल्ला मी दोघांना वेगवेगळा देतो.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतची 'शिशु' श्रेणी आहे. बँकेत "गाडी सजवायला" म्हणू नका. पंक्चर आणि हवेच्या सेवेचं साहित्य म्हणून कोटेशन न्या, आणि वरचा हिशोब हाताने लिहून जोडा. मॅनेजर तो वाचतो.

बसवताना

लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर चालवू नका. ३० अ‍ॅम्पिअर ओढणारा असेल तर बॅटरीवरून थेट ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, बॅटरीजवळच ४० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, मध्ये रिले. इंजिन चालू ठेवूनच हवा भरा, नाहीतर पुराड्याच्या पुढे अंधारात गाडी धक्का मारून सुरू करावी लागेल, तीही भरलेली.

कॉम्प्रेसर खाली चेसिसला लटकवू नका. पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहतं, ते आधी त्याच्यात शिरेल. मी केबिनच्या मागे, उंचावर, पेटीत बसवलाय. नट-बोल्टने, काढता येईल असा. चेसिसला भोक नाही, वेल्डिंग तर नाहीच. टाकीचा खालचा नळ रोज संध्याकाळी उघडून पाणी काढा, आतून गंजते.

आणि टाकी हवेसाठीच बनवलेली, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलीच घ्या. आपल्याकडे जुन्या गॅस सिलिंडरला, आग विझवायच्या बाटल्याला वेल्डिंग करून टाकी बनवणारे आहेत. हजार-दीड हजार वाचतात. तो बॉम्ब तुमच्या पाठीमागे, सीटच्या एका पत्र्यापलीकडे असतो.

त्या पोराला मी वडशाच्या धरमकाट्यावर पाठवलं. आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी, तिन्ही पावत्या आणायला सांगितल्या. पावत्या आल्या. नेहमीच्या धानाच्या फेरीत त्याची गाडी चारशे किलोने जास्त होती, आणि सगळं जास्तीचं मागच्या अ‍ॅक्सलवर. पाट्याचा विषय त्याने सोडला. कॉम्प्रेसर घेतोय, छोटा, बिनटाकीचा. पुढच्या व्हिडिओत त्याच्या गाडीची वायरिंग दाखवतो.

पाट्याचं काम केलेल्यांसाठी एक राहिलं. पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळून घ्या. माझे अर्धा आटा फिरले होते.