झाकण घट्ट, गॅसला वाट

ओहायोतल्या आमच्या बेसमेंटमध्ये ३० लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. गणपतीत ते आमटीसाठी वर येतं, एरवी त्यात बियर आंबते. त्याचं मूळ झाकण नुसतं वर टेकायचं, म्हणून दुसरं घरीच बनवलं. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बियरला मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. (महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय हे करू देत नाही. तेव्हा पुण्याच्या भाच्याने नुसतं वाचावं.)

१. आधी गॅसचा हिशेब. मध्यम ताकदीची १९ लिटर बियर आंबताना ३०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. तो अडला तर? ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेच्या दाबाच्या एक दशांश एवढा जादा दाब साठला, तरी खालून सुमारे ७० किलोंचा जोर लागतो. पूर्ण बंद भांडं म्हणजे धोकाच. ‘हवाबंद’ याचा अर्थ इतकाच की गॅस आपण दिलेल्या वाटेनेच जावा. झाकणाच्या भोकात बसवायच्या एअरलॉकमधलं चार बोटं पाणी गॅसला बाहेर सोडतं आणि हवेला आत येऊ देत नाही. दाब एवढा कमी असल्यामुळे चार-सहा साध्या क्लिपा पुरतात.

२. झाकणाला ॲक्रिलिक नको, पॉलिकार्बोनेट घ्या. ॲक्रिलिक भोक पाडताना तडकतं, आणि निर्जंतुक करायला अल्कोहोल फवारलं की त्यावर बारीक भेगा पडतात.

३. पातेल्याचा काठ सपाट असेलच असं नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ते पालथं घालून आत टॉर्च लावा, फटी लगेच दिसतात. त्या भरायला फूड-ग्रेड सिलिकॉनची नळी लांबीत चिरून काठावर चढवायची. दाराखिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी मात्र अजिबात नको. ती ओल धरते आणि तिच्यात जंतूंचा संसार थाटतो.

४. झाकणाला भोक ग्रॉमेटच्या (भोकात बसणाऱ्या रबरी कड्याच्या) मापाचं पाडा. सुरुवातीला त्यात एअरलॉकऐवजी जाड नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवा. फेस वर चढून एअरलॉक तुंबला, तर बेसमेंटच्या छतापर्यंत शिंतोडे जातात.

५. चाचणी सोपी आहे: काठाला साबणाचं पाणी लावून नळीतून हळूच फुंकायचं.

६. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नाही. गॅस कुठूनतरी निसटत असेल. खरं उत्तर बियरची घनता मोजणारा हायड्रोमीटर देतो.

७. बियर निवळायला पातेलं फ्रिजमध्ये ठेवता तेव्हा गाडी उलटी चालते. २० अंशांवरून २ अंशांवर येताना आतला गॅस आकसतो आणि ११ लिटरच्या रिकाम्या जागेत अर्ध्या लिटरहून जास्त हवा ओढली जाते. त्यातल्या ऑक्सिजनने बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. त्यावर उपाय म्हणजे आंबताना निघालेलाच गॅस फॉइलच्या फुग्यात भरून ठेवायचा आणि थंड करताना तो फुगा भोकाला जोडायचा.

८. यॉर्कशायरच्या काही जुन्या ब्रुअरीज आणि बव्हेरियातले गव्हाची बियर करणारे काहीजण आजही उघड्या टाक्यांत आंबवतात. यीस्ट जोरात असेपर्यंत फेस आणि गॅसच राखण करतात. झाकणाची खरी गरज नंतर पडते. म्हणून फेस बसू लागला की मी काठ पुसतो, जाड नळी काढून एअरलॉक लावतो आणि क्लिपा पुन्हा आवळतो.