दिल्लीच्या आधी निपाणी

बारावीनंतर निपाणीतल्या मुलाचं नाव कुठल्या कॉलेजात घातलं, यावर त्याचा पुढचा बराच हिशेब ठरतो. केएलईच्या बागेवाडी कॉलेजात घातलं तर विद्यापीठ राणी चन्नम्मा, बेळगाव. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात घातलं तर तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि विद्यापीठ शिवाजी. घर तेच, डबा तोच, नियम मात्र दोन राज्यांचे. महाराष्ट्राने नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंग आणि क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. कर्नाटकाने हेच धोरण २०२१ मध्ये सगळ्यांच्या आधी उचललं आणि २०२४ मध्ये सोडूनही दिलं. त्या राज्याचं स्वतंत्र धोरण ठरवायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सुखदेव थोरात, म्हणजे आपल्या विदर्भातलेच. तीन वर्षांची पदवी परत आली. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला इंटर्नशिप अभ्यासक्रमात आहे आणि दुसरीला ती स्वतःच्या हिमतीवर शोधायची आहे, असं होऊ शकतं. आपल्या तुकडीला नेमका कोणता आराखडा लागू आहे, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न विचारता कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारावं. या उत्तराचं महत्त्व पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्जापाशी कळेल.

राज्यशास्त्र घेतलं म्हणजे पोरगं मोर्चात जाणार, हा सीमाभागातल्या आईवडिलांचा जुना धाक. तो उगाच नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नापायी पाळला जाणारा १ नोव्हेंबरचा काळा दिन, परवानगी नाकारलेले महामेळावे, त्यावरून दाखल झालेले गुन्हे आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या तारखा इथल्या घरांनी पाहिल्या आहेत. सरकारी नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते, हेही त्यांना ठाऊक आहे. पण इंटर्नशिप म्हणजे कार्यकर्ता होणं नव्हे. इंटर्न बसतो, वाचतो, मोजतो, लिहितो आणि लिहिलेलं कुणाच्या तरी टेबलावर ठेवतो. सीमाप्रश्नावर मुलाचं मत असलं तर ते खुशाल असावं, मी तर म्हणेन असावंच. मात्र त्याने १९६७ चा महाजन आयोगाचा अहवालही वाचलेला असावा आणि घटनेच्या कलम १३१ खाली महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा काय म्हणतो तेही सांगता यावं. हे दोन्ही ज्याला नीट मांडता येतं, त्याला मुलाखतीत कुणी सहज बाजूला सारत नाही.

आता मुख्य मुद्दा. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुलांना वाटतं की हा विषय दिल्लीत चाणक्यपुरीला किंवा जिनिव्हाला घडतो आणि आपण बेळगावच्या बसस्टँडवर अडकलोय. माझं म्हणणं उलट आहे. या विषयाची पहिली इंटर्नशिप घरापासून तासाभराच्या अंतरावर करावी. दिल्ली ही दुसरी.

निपाणीची तंबाखू घ्या. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथे पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. शहरातल्या तंबाखूच्या वखारींत आणि घराघरांत बिड्या वळत राबणाऱ्या बायकांची संघटनाही इथलीच, प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली. हे झालं स्थानिक राजकारण. याच मालावर एक आंतरराष्ट्रीय करारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००३ मध्ये मंजूर झाला, भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला आणि २००५ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. त्याच्या कलम १७ मध्ये तंबाखूवर पोट असलेले शेतकरी, कामगार आणि किरकोळ विक्रेते यांना परवडणारे पर्यायी व्यवसाय मिळावेत म्हणून सरकारांनी मदत करावी, असं लिहिलं आहे. या कराराच्या सदस्य देशांची सातवी परिषद २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला भरली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पाकिटावरचा चित्रमय इशारा ८५ टक्के जागेवर छापण्याची सक्ती झाली आणि बीडी उद्योगात खळबळ उडाली.

म्हणजे आजीच्या सुपातली बीडी आणि कराराचं कलम यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आहे. तो चालून बघायला दिल्लीच्या प्राध्यापकाला दुभाषा लागतो, तुम्हाला नाही. कामगार संघटनेच्या कार्यालयात सहा आठवडे बसा. बीडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्यातून शिष्यवृत्ती किती मुलांना मिळते, ओळखपत्र किती जणींकडे आहे, पर्यायी कामाचं प्रशिक्षण खरंच कुणापर्यंत पोचलं, हे वीस-पंचवीस घरांत जाऊन विचारा. पंधरा पानांचं टिपण करा, मराठीत एक प्रत आणि इंग्रजीत एक. संघटनेला मराठी प्रत उपयोगी पडेल. इंग्रजी प्रत पुढे एखाद्या संशोधन संस्थेच्या अर्जाला जोडता येईल. कलम १७ वर निबंध लिहिणारे विद्यार्थी देशभर सापडतील. त्या कलमाखाली कुणाच्या ताटात काय पडलं, हे पाहिलेले फार कमी.

दुसरं उदाहरण पायातलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार-चार जिल्हे त्यात आहेत. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर. नकाशावरून भांडणारी दोन राज्यं इथे एका कागदावर आहेत, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्यासारखं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि जगभर ओरड झाली. अथणी-निपाणी पट्ट्यातल्या कारागिराला या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असेल तर कोणते कागद लागतात, आणि अडतं कुठे, हे शोधणं ही उन्हाळ्याच्या सुट्टीची चांगली इंटर्नशिप आहे. कुठल्याही सहकारी संस्थेला किंवा कारागीर गटाला असं लिहून देणारं माणूस हवंच असतं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. अलमट्टीची उंची, कृष्णा लवादाचा निवाडा, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीजवळचा कळसा प्रकल्प, म्हादई लवादाने २०१८ मध्ये तीन राज्यांना वाटून दिलेलं पाणी... नद्यांवरून देशांदेशांत होणारा वाद समजायला सिंधू करारापर्यंत जायच्या आधी हे वाचावं. लवादाचे निवाडे उघडपणे उपलब्ध आहेत. लांबलचक आणि रुक्ष असतात. तरीही वाचावेत.

इथे थोडं कडवट लिहितो. मराठी शाळेत शिकलेली आपली अनेक मुलं कन्नड बोलतात, पण सरकारी कन्नड वाचायला कंटाळतात. घरातूनही कधीकधी त्याला मूक संमती असते. अस्मितेचा प्रश्न आहे तिथे राहू द्या. पण ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदाराची नोटीस, अंदाजपत्रक वाचता न येणं हे तुमचं नुकसान आहे. दुसऱ्या कुणाचं नाही. कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पलीकडे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. अलीकडे कन्नड ठराव, पलीकडे मराठी. दोन्हीकडच्या एकेका ग्रामपंचायतीचे वर्षभराचे ग्रामसभेचे ठराव घेऊन ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि पाणी, रस्ता, शाळा यांवर कोण किती बोलतं ते पाहायचं. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी असणारा मुलगा हे काम करू शकतो. पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या भल्या भल्या संस्थांतल्या मुलांना ते जमणार नाही. निवडणुकांनंतर मतदारांचं सर्वेक्षण करणारा सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा उपक्रमही घरोघर जाण्यासाठी बहुधा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देऊन घेतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर यांचं नाव याच कामाशी जोडलेलं आहे. आपल्या विभागप्रमुखांना सांगून ठेवा की असं काम आलं तर मला कळवा. सांगून ठेवलं नाही तर कळत नाही.

बेळगावच्या मुलांना आणखी एक सोय आहे. सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये झालं आणि कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात तिथे भरतं. कॉलेजं प्रेक्षक सज्जात सहली नेतात, मुलं फोटो काढतात, परत येतात. त्याऐवजी आपल्या भागाच्या एका आमदाराचे त्या अधिवेशनातले प्रश्न घ्या, त्यांना मिळालेली लेखी उत्तरं जमवा आणि सहा महिन्यांनी त्या उत्तरांचं काय झालं ते बघा. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या कार्यालयाला हा कागद लागतो. वर्तमानपत्रालाही लागतो. १९१९ साली बाबूराव ठाकूरांनी सुरू केलेल्या तरुण भारतपासून छोट्या साप्ताहिकांपर्यंत बेळगावात मराठी पत्रांची वाण नाही. कन्नड उत्तरं वाचून मराठीत बातमी करून देणारा विद्यार्थी संपादकांना नकोसा होणार नाही.

मोठ्या नावांबद्दल थोडक्यात. जाहिराती बदलतात, म्हणून दर वेळी अधिकृत संकेतस्थळ पाहूनच अर्ज करावा. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप एक ते तीन महिन्यांची, महिना १०,००० रुपये मानधन आणि विमानाचं जाण्या-येण्याचं भाडं. वयोमर्यादा २५. पदवीधरांना ती खुली आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र त्याच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असेल तरच. सुरुवातीला म्हटलेला कॉलेजचा नियम इथे आडवा येतो किंवा उपयोगी पडतो. निवडीत राज्यनिहाय वाटणी असते. घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात असणाऱ्यांनी अर्जातला राज्याचा रकाना दोनदा वाचून भरावा. नीती आयोगाची इंटर्नशिप बिनपगारी आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी बारावीला ८५ टक्क्यांची अट आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग दोन आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिपही घेतो, ती निपाणीत बसून करता येते. पीआरएस या संसदीय संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप म्हणजे खासदाराबरोबर साधारण वर्षभराचं संशोधन साहाय्य. पदवीनंतरची, पूर्णवेळ, आणि माझ्या मते या यादीतली सर्वांत चांगली. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण संपलेल्यांसाठी होती. तेव्हा कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये असं तिचं स्वरूप होतं. राज्यशास्त्राशी तिचा संबंध कमी, पण घरची अडचण असेल तर विचार करावा.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोशिपचं गणित सीमाभागाला जास्त जवळचं. जागा ६०, वय २१ ते २६, मराठी लिहिता-वाचता येणं आवश्यक आणि वर्षभराच्या अनुभवाची अट. या अनुभवात पूर्णवेळ इंटर्नशिपही धरली गेली आहे, म्हणजे तारखा आणि सही असलेलं पत्र जपून ठेवणाऱ्याला फायदा. आणखी एक कागद पालकांनीच आधी काढून ठेवावा. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. शेवटच्या आठवड्यात तो मिळवायला धावपळ करणारी घरं दर वर्षी दिसतात.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. दिल्लीत बिनपगारी दोन महिने राहायचं तर खोली, जेवण, प्रवास धरून हजारो रुपये घरून जातात. तंबाखूच्या किंवा उसाच्या बिलावर चालणाऱ्या घराने त्यासाठी कर्ज काढू नये, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्यासाठी कुठलीही दारं बंद होत नाहीत. आणि जी संस्था इंटर्नशिप देण्यासाठी तुमच्याकडूनच फी मागते, तिच्यापासून लांब राहा. नावात ‘ग्लोबल’, ‘युनायटेड’, ‘डिप्लोमसी’ असे शब्द, बोधचिन्हात पृथ्वीचा गोल, दोन आठवड्यांत चकचकीत प्रमाणपत्र, असा हा धंदा जोरात आहे. खरी संयुक्त राष्ट्रसंघटना अर्जासाठी पैसे घेत नाही. तिच्या सचिवालयात इंटर्नला पगारही मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

अब्दुल लाट हे गाव निपाणीहून फार लांब नाही. तिथले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. प्रत्येक सभेत त्यांचं नाव घेऊन मुलांवर ओझं टाकायची गरज नाही. परराष्ट्र सेवेत दर वर्षी मोजकेच जातात. पण धोरण संशोधन, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, संसदीय साहाय्य, कंपन्यांचं सरकारी कामकाज, कायदा या वाटांवर या विषयाची मुलं पोट भरतात आणि त्या सगळ्यांत पहिला प्रश्न एकच असतो : तू स्वतः काय लिहिलंयस, दाखव.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक पानाचा अर्ज तयार करावा. मी कोण, कोणत्या भाषा वाचतो, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, तुमच्यासाठी नेमका कोणता कागद करून देईन, एवढंच. ‘आपल्या संस्थेत शिकण्याची संधी मिळावी’ हे वाक्य काढून टाकावं, ते सगळ्यांच्याच अर्जात असतं. सोबत प्राचार्यांचं पत्र. ईमेल पाठवून थांबू नये, प्रत घेऊन जावं. आपल्याकडे माणूस समोर आला की काम हलतं. काम सुरू होताना तास, प्रवासखर्च आणि कुणाच्या हाताखाली काम करायचं हे लिहून घ्यावं. मुलींच्या बाबतीत संध्याकाळी परतायची वेळही. मुलगी पहिल्यांदा जात असेल तर वडिलांनी किंवा आईने कार्यालयापर्यंत सोबत जायला, जागा आणि माणसं बघून यायला काहीच हरकत नाही. आत गेल्यावर मात्र तिलाच बोलू द्यावं.