रानपिंगळा आणि जनुकांची लिपी

मुंबईच्या फोर्ट विभागात हॉर्नबिल हाउस या वास्तूत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिसंग्रह जतन केलेला आहे. संस्थेची स्थापना 1883 ची. गिरगावनजीक खेतवाडीत वाढलेले सालिम अली बालपणी एका मेलेल्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी या संस्थेत गेले आणि तेथील पेंढा भरलेले पक्षी पाहून पक्षिशास्त्राकडे वळले. अशा संग्रहातील प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ व दिनांक नोंदलेली चिठ्ठी असते. तिचे मोल नमुन्याइतकेच असते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून ध्यानात येते.

रानपिंगळा हे मध्य भारतातील शुष्क पानझडी वनांत राहणारे लहान घुबड होय. ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जुन्या खानदेशातूनही त्याचे नमुने मिळाले. 1884 नंतर मात्र खात्रीलायक नोंद मिळेना. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता. तो नमुना वस्तुतः जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पुढे सिद्ध झाले. ती खोटी नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या स्थळांचा माग काढला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला.

तथापि त्याचे कूळ कोणते, हा वाद उरलाच होता. त्याचे उत्तर जनुकांनी दिले. प्रत्येक पेशीतील डीएनएमध्ये चार रासायनिक घटक विशिष्ट क्रमाने मांडलेले असतात. हा क्रम वाचून दोन जातींतील नाते ठरविता येते. पंकज कोपर्डे, प्राची मेहता व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार रानपिंगळा हा आपल्या परिचित पिंगळ्याच्याच कुळातील ठरतो.

अशा वाचनाचा संरक्षणास कसा उपयोग होतो, हे दक्षिण सह्याद्रीतील शोलाकिळी या गाणाऱ्या पक्ष्यांवरून समजते. उंच डोंगरांवरील त्यांच्या वस्त्या खोल खिंडींमुळे दीर्घकाळ विभक्त राहिल्या, हे जनुकांवरून दिसून आले. 2017 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापण्यात आली. त्यांपैकी निलगिरी शोलाकिळी आज संकटग्रस्त आहे. एका डोंगरावरील पक्षी नष्ट झाल्यास दुसऱ्या डोंगरावरील पक्षी त्याची उणीव भरून काढतीलच असे नाही, हा त्यातील धडा होय. लहान वस्तीत आप्तसंकर वाढला आहे काय, हेही या वाचनातून कळते.

परंतु प्रयोगशाळा पक्ष्याला घरटे देऊ शकत नाही. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. ज्या तलावाचे पाणी मुंबईला मिळते, त्याच्याच परिसरातील हे वन आहे. रानपिंगळा झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. म्हणून जुनी, पोकळ झाडे निरुपयोगी समजून तोडू नयेत. घुबड अशुभ असते, ही समजूत शिक्षकांनी वर्गात दूर करावी. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीत पक्ष्याचे स्थळ व दिनांक अचूक लिहावेत. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा चुकविली होती. गावोगावच्या खऱ्या नोंदी उद्याच्या संशोधकास योग्य वनापर्यंत नेतील.